तीन पासपोर्ट, एक जून

जपानहून परत येऊन दोन महिने होत आले. महाडच्या बाजारात ओळखीचं कोणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "विमानात भीती वाटली का?" नाही, असं मी सांगते आणि विचारणाऱ्याचा जरा विरस होतो. खरं म्हणजे विमानात बसेपर्यंत आमच्याजवळची भीती संपून गेली होती. ती सगळी आम्ही पोलादपूर, महाड, मुंबई आणि पाचाड या रस्त्यांवरच वापरून टाकली होती. म्हणून ही हकीकत मी विमानतळापासून सुरू करत नाही. तशी केली तर प्रवासाचा अवघड भागच राहून जाईल, आणि आमच्या भागातून उद्या कोणी असं निघालं तर त्याला नेमका तोच भाग उपयोगी पडणार आहे.

वाडी

पोलादपूरहून आत वळलेली एसटी खालच्या गावात थांबते. तिथून आमची वाडी पाऊण तासाच्या चढावर आहे. पंचवीस घरं, त्यातल्या निम्म्या घरांना कुलूप, कारण माणसं मुंबईत. या वाडीतली मी पहिली पदवीधर. आता महाडला कॉलेजात भूगोल शिकवते. मला इथवर आणण्यात ज्यांचा हात लागला त्यांची यादी मोठी आहे. त्यातले एक पुढे भेटतीलच.

वाडीच्या वर डोंगराला एक लांब भेग आहे. भावकीतल्या धोंडूआप्पांनी तिच्या दोन्ही अंगांना ऐनाच्या लाकडाच्या खुंट्या ठोकल्यात आणि मध्ये दोरी ताणलीय. आप्पा साठीचे. माझी चुलत काकी, इंदूकाकी, पावसाळाभर रोज सकाळी वर जाते आणि खुंट्यांमधलं अंतर वीत-बोटांनी मोजते. अंतर वाढलं असेल तर घरातल्या काथ्याच्या दोरीला, एका बोटाला एक, अशा गाठी मारते. काकी तिसरी शिकलेली आहे, तिला लिहिता येतं. तरी गाठी कशाला, असं मी एकदा विचारलं.

"लिवलेलं उंदीर खातो," ती म्हणाली.

"दोरी पण खातो गो," आप्पा म्हणाले.

"म्हणून तर तुमच्या घरात नाय ठेवत."

काही वर्षांमागे श्रावणात एका सकाळी काकीने एकदम तीन गाठी मारल्या आणि घराघरात जाऊन सगळ्यांना खालच्या गावच्या शाळेत हलवलं. काही जण कुरकुरत गेले. तिसऱ्या दिवशी डोंगराचा एक लचका खाली आला. दोन गोठे गेले, भाताचे बांध गेले. माणूस एकही गेलं नाही. पुढे मी त्या गाठींचे सेंटीमीटर केले, पावसाच्या नोंदींशी ताडून पाहिले आणि एक निबंध लिहून जपानमधल्या एका परिषदेला पाठवला. दरडी आणि डोंगरातली गावं हा परिषदेचा विषय होता. निबंध स्वीकारला गेला. आयोजकांनी असंही कळवलं की गावातली माणसं स्वतः येऊन बोलणार असतील तर तिघांच्या प्रवासाचा भार आम्ही उचलू. व्हिसा आणि हॉटेल मात्र ज्याचं त्याने पाहायचं.

ते पत्र वाचल्यावर मी मनाशी एक गोष्ट पक्की केली. निबंधावर नाव माझं होतं आणि गाठी काकीच्या होत्या. ही बोच मला निबंध लिहितानाच लागलेली होती. तेव्हा व्यासपीठावर काकी बोलेल, सोबत खुंट्या ठोकणारे आप्पा असतील आणि मी फक्त भाषांतर करीन. तसं जमलं नाही तर जायचं नाही.

काकीला सांगायला गेले तेव्हा ती अंगणात विळ्याची धार बघत होती.

"मी येऊन काय करू गो तिथं?"

"बोलायचं."

"कोणाशी?"

"डोंगराखाली राहणाऱ्या माणसांशी."

"तिथं पण हायत?"

"जगभर आहेत, काकी."

तिने विळा खाली ठेवला. "कापणी झाल्यावर हाय ना पण?"

"नोव्हेंबरच्या शेवटी."

"मग चालंल."

महाड

पासपोर्टची गोष्ट लांबवत नाही, तीन खेपांत ते काम झालं. खरा कस व्हिसाच्या कागदांनी लावला. अर्ज, फोटो, निमंत्रणपत्र, कॉलेजचं ना-हरकत पत्र, हॉटेलचं आरक्षण आणि शेवटी एक तक्ता, ज्यात तिथल्या मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी आपण काय करणार आणि रात्री कुठे झोपणार हे लिहायचं असतं.

फोटोसाठी काकी-आप्पा दोघांना चवदार तळ्याजवळच्या स्टुडिओत नेलं. डोकं उघडं हवं, असा नियम. फोटोग्राफर म्हणाला, "काकू, पदर मागे घ्या." काकीने आप्पांकडे पाहिलं. आप्पा न सांगता बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मग तिने पदर खांद्यावर घेतला आणि कॅमेऱ्याकडे असं पाहिलं, जणू तोच आमच्या बांधावरून गुरं नेत होता. फोटोग्राफर सवयीने म्हणाला, "जरा हसा." मी म्हटलं, हसायचं नाही, नियम आहे. "बरं हाय," काकी म्हणाली, "मला येत पण नव्हतं."

दिवसांचा तक्ता आम्ही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये भरला. परिषदेचे तीन दिवस सोपे होते. पोचायचा आणि निघायचा दिवसही सोपा. मध्ये एक रविवार मोकळा पडत होता.

"रविवारी काय करायचं?" मी विचारलं.

"काय नाय," आप्पा म्हणाले. "बसायचं."

"‘बसणार’ असं लिहून चालणार नाही, आप्पा."

"का? बसायला बंदी हाय तिथं?"

शेवटी मी लिहिलं, ‘शहरातील बाग पाहणे व विश्रांती’. आप्पांना ते पटलं. "म्हणजे बसायचंच," ते म्हणाले.

हॉटेलच्या बाबतीत मात्र मी चूक केली, आणि ती चूक आमच्याकडच्याच माणसाच्या हातून व्हावी अशी होती. आमच्या वाडीची मुंबईत एक खोली आहे. गावकीची खोली. ती कागदावर एकाच्या नावावर आणि वापरात सगळ्यांच्या. नोकरीला गेलेला पोरगा, दवाखान्याला आलेला म्हातारा, परीक्षेला गेलेली मी, सगळे तिथेच उतरलो. खोली म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तीच येते. एकाचं नाव दिलं की बाकीच्यांची सोय झाली. त्यामुळे जपानमधल्या त्या छोट्या शहरात मी एक मोठी खोली आरक्षित केली, तिच्यावर माझं नाव घातलं आणि काम झालं असं समजून निर्धास्त राहिले.

मुंबई

कागद द्यायला आदल्या दिवशी दुपारच्या एसटीने मुंबई गाठली आणि त्याच खोलीत उतरलो. सकाळी दहाला अर्ज स्वीकारण्याच्या केंद्रात हजर. काउंटरवर माझी विद्यार्थिनी शोभेल अशा वयाची मुलगी होती. तिने हॉटेलचा कागद उचलला.

"हे तुमचं झालं. या दोघांचं कुठे आहे?"

"तिघं एकाच खोलीत आहोत."

"नाव एकाचंच आहे, मॅडम. हे दोघं झोपणार कुठे, ते कागदावर दिसायला पाहिजे. आणि..." तिने आप्पांकडे, मग आमच्याकडे पाहिलं. "तिघं एका खोलीत?"

काय झालं असं काकीने विचारलं. मी सांगितलं. "मग काय दारात झोपवायचं म्हाताऱ्याला?" काकी म्हणाली. ती मुलगी हसली आणि तिने आम्हाला बाजूच्या बाकावर बसून मोबाइलवर आरक्षण बदलायला अर्धा तास दिला. मी दोन खोल्या घेतल्या, तिघांची नावं पासपोर्टप्रमाणे घातली, बाहेरच्या दुकानातून कागद छापून आणले.

आम्ही परत काउंटरवर उभे राहिलो. आता तिने तिन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले आणि थांबली.

"मॅडम, अर्ज भरताना तुमच्याकडून एक तारीख तिघांना पडलीय. तिघांची जन्मतारीख एक जून आलीय."

"ती बरोबर आहे," मी म्हटलं.

तिने पासपोर्ट उघडून पाहिले. वर्षं वेगळी, दिवस आणि महिना तोच. "तिघांचा?"

"आमच्या वाडीत बहुतेकांचा एक जूनच असतो."

हे वाक्य आमच्याकडे कोणालाही सांगितलं तर तो मान हलवून पुढे जाईल. आमच्यात मूल शाळेत घालायला आणलं की गुरुजी जन्मतारीख विचारत. आईबाप सांगत, ‘नाचणीच्या लावणीत झाला’ किंवा ‘थोरलीच्या पाठीवर दोन पावसाळ्यांनी’. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि तेव्हा मुलाला सहा पुरी असावी लागतात. म्हणून गुरुजी वर्षाचा अंदाज बांधून पुढे ‘एक जून’ लिहीत. तीच तारीख दाखल्यावर, मग आधारवर, मग पासपोर्टवर. मी हे सगळं त्या मुलीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला पटतंय हो. पण निर्णय मी घेत नाही."

नवव्या दिवशी पत्र आलं. तीन अर्जदारांचं परस्पर नातं आणि एकसारख्या जन्मतारखा यांचा खुलासा मूळ कागदपत्रांसह दहा दिवसांत द्यावा, तोवर अर्ज थांबवले आहेत. परिषदेला तीन आठवडे उरले होते.

महाडच्या एका प्रवासी एजंटांनी मला सुरुवातीपासून सल्ला दिला होता. आखातात जाणाऱ्यांचे कागद करण्यात त्यांचा हातखंडा. मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"सरळ सांगू का? दोघांचे अर्ज मागे घ्या. तुम्ही कॉलेजात नोकरीला, तुमचा एकटीचा आठवड्यात होईल. तीन ठेवलेत तर तीनही अडकतील."

ते माझ्या भल्याचंच सांगत होते. परिषदेच्या आयोजकांना कळवलं तर त्यांचंही तसंच उत्तर आलं, फार नम्र शब्दांत. आपण एकट्या आलात तरी आम्हाला आनंदच होईल.

मी वाडीत गेले. कापणी चालू होती. काकीने भाताची पेंढी बांधता बांधताच ऐकलं.

"जा की गो एकटी. माझं काय अडतंय?"

"माझं अडतंय," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. आप्पांनी वाकलेली पाठ सरळ केली. "गाठ का मारलीस, कधी मारलीस, असं कोणी विचारलं तर मी काय सांगू? मी तेव्हा महाडला खोलीत बसून पेपर तपासत होते."

काकीने पेंढी रचलेल्या पेंढ्यांच्या उडवीवर टाकली. दुसरी बांधायला घेत म्हणाली, "गुरुजी हायत ना अजून? पाचाडला पोराकडं असतात म्हणं. ज्यानं लिवली, त्यालाच विचार."

पाचाड

आम्हा तिघांनाही एकाच गुरुजींनी शाळेत घातलं होतं. आप्पा आणि काकी त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातले. मग त्यांची बदली झाली, आणि निवृत्तीआधी ते पुन्हा आमच्याच शाळेत आले तेव्हा मी. आधी मी खालच्या गावच्या शाळेत जाऊन हल्लीच्या मुख्याध्यापकांकडून जुन्या दाखल-रजिस्टरच्या पानांची प्रत घेतली. पानामागून पान एक जून. अधूनमधून एखादा शिक्षकाचा किंवा तलाठ्याचा मुलगा, त्यालाच काय ती ऑगस्ट किंवा जानेवारी मिळालेली.

महाडहून पाचाडला गेले ती दुपारची वेळ होती. रायगड पाहून उतरलेली मंडळी गुरुजींच्या मुलाच्या खानावळीत पिठलं-भाकरी खात होती. गुरुजी मागच्या पडवीत खुर्चीवर होते. ऐंशीचे असतील, कान तिखट. नाव सांगताच त्यांनी ओळखलं. "वरच्या वाडीची. सातवीला भूगोलात पैकीच्या पैकी."

मी येण्याचं कारण सांगितलं आणि रजिस्टरची प्रत पुढे केली. स्वतःचं अक्षर पाहून त्यांनी ती पानं गुडघ्यावर पालथी घातली. तेवढ्यात मुलगा भाकरीचं ताट घेऊन आला. त्याने बोलणं ऐकलं होतं.

"ताई, जेवा. पण बाबा सही करणार नाहीत. सरकारी रजिस्टरात अंदाजाने तारखा घातल्या, असं लिहून द्यायचं म्हणजे काय? उद्या कोणी पेन्शनवर बोट ठेवलं तर तुम्ही येणार आहात?"

त्याचं काही चुकत नव्हतं. मी म्हटलं, "कोणी विचारायला येईल असं मला वाटत नाही. पण शब्द नाही देऊ शकत."

मुलगा आत गेला. मी जेवले. पिठलं तिखट होतं आणि भाकरी तांदळाची, घरच्यासारखी. मी हात धुऊन आले तेव्हा गुरुजींच्या हातात मी आणलेली काकीच्या पासपोर्टची झेरॉक्स होती.

"ही इंदू?"

"हो."

"तिसरी झाली आणि हिला बापाने काढली. धाकटा भाऊ सांभाळायला. मी दोनदा घरी गेलो होतो." त्यांनी तो कागद डोळ्यांजवळ नेला. "ही काय बोलणार तिकडे?"

मी खुंट्यांचं सांगितलं, गाठींचं सांगितलं, शाळेत हलवलेल्या वाडीचं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"कुठल्या शाळेत? आपल्या?"

"आपल्याच."

त्यांनी मुलाला हाक मारून कागद आणि पेन मागवलं. मुलगा दारात उभा राहिला. "बाबा, विचार करा."

"केला. तारीख विचारून पोरांना परत पाठवलं असतं तर ती परत आली नसती रे. हे लिहायला मला कसली लाज?"

पत्र त्यांनी एकटाकी लिहिलं. मी फक्त शेजारी बसून होते. ते अक्षर पाहून माझ्या पाटीवरचं ‘अ’ आठवलं. पत्रात नोकरीची वर्षं होती, शाळेचं नाव होतं, तारखा कशा घातल्या ते होतं आणि शेवटी दोन वाक्यं होती. ‘तारखा मी अंदाजाने घातल्या आहेत. मुले खरी आहेत व मी त्यांना ओळखतो.’

दुसऱ्या दिवशी महाडला मी त्याचं इंग्रजी केलं आणि नोटरीची मोहर घेतली. नात्याचा खुलासा म्हणून भावकीचा वंशवृक्ष मीच काढला. आप्पांचं म्हणणं होतं की त्यात वारलेल्या बैलाचंही नाव घालावं, तो घरातलाच होता. सगळं घेऊन मुंबईला जाऊन त्याच काउंटरवर दिलं. त्या मुलीने गुरुजींचं मूळ पत्र उचललं, ती मराठीच असल्याने तिने ते तिथेच वाचलं आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लावलं.

निघायच्या सहा दिवस आधी तिन्ही पासपोर्ट परत आले. तिन्हींवर व्हिसा होता. मी पाचाडला फोन केला. तो गुरुजींच्या मुलाने घेतला. "बरं झालं, ताई," तो म्हणाला. "आता बाबा गिऱ्हाइकांना सांगत सुटणार."

जपान

विमानतळावर उतरल्यावर सामान तपासणीत काकीची पिशवी उघडली गेली. तिच्यात सुकट होती आणि यजमानांना द्यायला मूठभर नाचणी. अधिकाऱ्याने सुकटीचा वास घेतला, चेहरा न बदलता ती परत ठेवली आणि नाचणी बाजूला काढली. बी-बियाणं प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाही. मी नियमांची एवढी पारायणं केली होती आणि हा नियम माझ्या नजरेतून सुटला होता.

"त्याला सांग, पेरायला नाय, दाखवायला हाय," काकी म्हणाली.

मी सांगितलं. त्याने कमरेत वाकून माफी मागितली आणि नाचणी ठेवून घेतली. माफी मागून काढून घेणारा अधिकारी काकीने पहिल्यांदाच पाहिला. ती बराच वेळ त्याच्याविषयी बोलत होती.

ते शहर डोंगरात होतं. पानं लाल-पिवळी झालेली, घरांच्या वळचणीला केशरी फळं सोलून माळांनी वाळत टांगलेली. थंडी अशी की आप्पांनी दोन स्वेटरांवर कांबळं घेतलं. ज्या आरक्षणापायी एवढं झालं ते हॉटेल म्हणजे एका कुटुंबाचं लाकडी घर निघालं. खाली चटया, त्यावर गाद्या अंथरून झोपायचं. काकीने गादी दाबून पाहिली आणि समाधानाने म्हणाली, "यात तर दहा माणसं मावली असती. उगाच दोन घेतल्यास." सकाळी न्याहारीला भात, भाजलेला मासा आणि गरम कढण. भात चिकट, आमच्याकडे असा उतरला तर सून बोलणी खाते. पण सकाळी उठल्याबरोबर मासा-भात खाणारी माणसं म्हटल्यावर काकीला ते शहर परकं राहिलं नाही. आप्पा मात्र तिथल्या सामाईक गरम पाण्याच्या हौदात शेवटपर्यंत उतरले नाहीत. रोज बाहेर बसून बादलीने अंघोळ करून परत येत. "लोकांच्या पाण्यात कोण बसंल," असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एका गावाच्या वर डोंगरात नेलं. भेगेच्या अलीकडे एक खुंट, पलीकडे एक पेटी, आणि दोन्हींमध्ये नळीतून ताणलेली तार. भेग रुंदावली की तार ओढली जाते, पेटी ते मोजते आणि खाली गावात भोंगा वाजतो. तरुण अभियंता समजावून सांगत होता. आप्पा गुडघ्यावर बसून खुंट हलवून बघू लागले आणि अभियंत्याचा चेहरा पडला.

"आमचा जास्त खोल हाय," आप्पा म्हणाले.

काकी तारेकडे बघत होती. "दोरीच हाय," ती म्हणाली. "फक्त हिला पाऊस लागू नाय म्हणून घर बांधलंय." मी भाषांतर केलं. गावातला एक म्हातारा, जो रोज त्या पेटीवरचं गवत काढतो, तो मोठ्याने हसला आणि काकीला आपल्या पिशवीतलं एक वाळवलेलं फळ काढून दिलं.

तिसऱ्या दिवशी आमची वेळ होती. सभागृहात दीडशे माणसं असतील. काकीने नऊवारी नेसली होती आणि डोक्यावर पदर घेतला होता, इथे तसा नियम नव्हता. तिने गाठींची दोरी दोन्ही हातांत ताणून धरली आणि बोलली. मोजून सात मिनिटं. पहिली गाठ कोणत्या वर्षाची, दोन गाठींच्या मध्ये रिकामी जागा म्हणजे काय, तीन गाठींच्या सकाळी हाताला काय वाटलं. आप्पांनी शेवटी उभं राहून एवढंच सांगितलं, की खुंट ऐनाचा घ्यावा, सागाचा चोर नेतात.

मग प्रश्न सुरू झाले. आल्प्समधल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, की धोका इतका स्पष्ट कळतो, तर तुम्ही गाव सोडून का जात नाही? पुनर्वसन, जमिनीची मालकी, शासकीय प्रक्रिया असं सगळं माझ्या निबंधाच्या शेवटच्या भागात होतं. मी ध्वनिक्षेपक ओढून इंग्रजीत उत्तर द्यायला सुरुवातही केली. काकीने माझा दंड धरला.

"काय इचारतोय?"

मी सांगितलं.

"मला इचारलं ना? मग तू कुठं बोलतीस?"

मी ध्वनिक्षेपक तिच्यापुढे सरकवला.

"खाली जागा दिली तर जाऊ," ती म्हणाली. "डोंगराची हौस नाय आमाला. पण आज जागा नाय. आणि निम्मी वाडी मुंबईत हाय. ती गणपतीला येणार. पोरंबाळं घेऊन, ऐन पावसात. कुलपं उघडणार आन् त्याच घरात झोपणार. ती झोपली की वर जाऊन भेग कोण बघणार? आमी बघतो म्हणून ती येतात. आमी उठलो तर ती यायची थांबतील नायतर न बघता झोपतील."

मी एकेक वाक्य भाषांतर करत गेले. माझ्या निबंधात ‘स्थलांतरित कुटुंबे’ असा एक रकाना होता आणि त्यात मी बारा हा आकडा लिहिला होता. ती बारा कुटुंबं गणपतीला कुठे झोपतात हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. आमच्याच ओसरीवर त्यांच्या पोरांसोबत मी झोपले होते. पण भेगेचा आणि त्या झोपेचा संबंध मी कधी लावला नव्हता, आणि काकीला कधी विचारलाही नव्हता. एकटी आले असते तर त्या प्राध्यापकांना मी पुनर्वसनाची प्रक्रिया सांगितली असती, त्यांनी ती लिहून घेतली असती आणि आम्ही सगळे जेवायला गेलो असतो.

प्राध्यापकांनी चष्मा काढला. त्यांच्या खोऱ्यातही सुट्टीपुरती उघडणारी घरं आहेत, असं ते म्हणाले. त्या घरांत कोण झोपलंय हे त्यांच्या यंत्राला माहीत नसतं, याचा विचार त्यांनी केला नव्हता. मी ते काकीला सांगितलं. तिने मान हलवली आणि दोरी गुंडाळायला घेतली.

"माझं समदं सांगितलंस ना त्यांना? काय गाळलं नाय ना?"

"नाही, काकी."

"मग बस."